गाभण शेळीच्या गोळ्या

आमच्या धनगरवाड्यात पोटुशी बाईला कमी वाढायची रीत. पोर पोटात लहान राहिलं की सुटका सोपी, असा जुन्या बायकांचा हिशेब. वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर. अडलेली बाई खाली नेईपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. माझ्या सासूबाईंचा पहिला मुलगा असाच अडून दगावला होता. "लय मोठा व्हता," एवढंच त्या म्हणायच्या.

मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच. ताटात अर्धी नाचणीची भाकरी पडायची. भुकेनं जीव कासावीस व्हायचा, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. नर्सबाईंनी पापणी ओढून बघितली आणि रक्त फार कमी आहे, असंच राहिलं तर तुझं नि बाळाचं दोघांचं अवघड आहे, असं सांगून रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या.

त्या सासूबाईंनी काढून घेतल्या. गोळ्यांनी म्हणे पोर फुगतं. पण औषध टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं. गोठ्यात एक शेळी गाभण होती. तिची करडं मोठी झाली तर बरंच की! रोज कोंड्यात कालवून गोळी शेळीच्या पोटात. मला त्या शेळीचा इतका राग यायचा की मी तिला चारा घालणंच सोडलं.

शेळी व्याली. दोन करडं, दोन्ही टणटणीत, आणि त्रास काही झाला नाही. सासूबाई खुशीत होत्या, तेव्हा धीर करून मी म्हटलं, "आत्या, शेळीला झेपलं. मला नाय झेपणार?"

 दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे दोन भाकऱ्या, वर तूप, आणि उरलेल्या गोळ्या. वाडीतल्या बायकांनी नावं ठेवली, ती त्यांनी ऐकून घेतली. नववा लागला तशी गुरं आपल्या जावेवर सोपवून त्यांनी मला खाली महाडजवळ बिरवाडीला आणलं. नवरा एमआयडीसीत कामाला, त्याची तिथं भाड्याची खोली होती. गुरं सोडून सासूबाई जन्मात कुठं राहिल्या नव्हत्या. ज्या भीतीनं मला उपाशी ठेवलं, ती भीती माझ्यासाठी त्यांनी गिळली. हे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत.

महाडच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, चांगली बाळसेदार, आणि सुखरूप. सासूबाईंनी तिला दोन्ही हातांवर घेऊन तोलून बघितलं.

"त्यो हिच्यापेक्षा बारीक व्हता गो," त्या म्हणाल्या. "लोकांनी मोठा म्हटला, मीपण मोठा म्हणत रायले."