सासरच्या कपाटातली पुस्तकं

मंडळाच्या खोलीत नवा माणूस शिरला की हमखास चुकायचा. त्याला हवं असायचं बागकामाचं पुस्तक, आणि तो शोधत बसायचा बागकामाचं कपाट. मग खिडकीजवळच्या टेबलामागून कपाटकाकूंचा आवाज यायचा, "विषय नका सांगू. कोणाकडचं हवंय ते सांगा."

इथली पुस्तकं घरवार लावलेली होती. शहराचा जुना वारसा जपायचा म्हणून आधीच्या पिढीने हे मंडळ काढलं, तेव्हा ज्या घराने पुस्तकं दिली त्या घराला एक कपाट मिळालं. काचेची दारं, वर पितळी पाटी. वकिलांचं घर, बेकरीवाल्यांचं घर, फोटोवाल्यांचं घर. बागकामाचं पुस्तक बेकरीवाल्यांकडे, कारण त्यांच्या आजोबांना गुलाबांचं वेड. वकिलांच्या दोघा भावांचं फाटलं तेव्हा त्यांच्या कपाटात मधोमध उभी फळी ठोकावी लागली. "भांडले वकील आणि वेगळी निघाली पुस्तकं," काकू म्हणायच्या. "बिचारी चांगली खेटून बसली होती."

आणखी एक रीत होती. मंडळातल्या एका घरची मुलगी दुसऱ्या घरात सून म्हणून गेली, की तिची पुस्तकंही माहेरच्या कपाटातून सासरच्या कपाटात जायची. एकदा गेलेली परत यायची ती दोन्ही घरं राजी असली तरच. फोटोवाल्यांच्या मुलीचं लग्न मोडलं, तिचा बाप येऊन गयावया करून गेला, तरी काकूंनी एक पुस्तक हलू दिलं नाही. "तिकडून होकार आणा. मी कोण हलवणारी?" किल्ल्या त्यांच्याकडे होत्या, आणि त्या किल्ल्यांचा त्यांना थोडा तोराही होता.

काकूंचं स्वतःचं घर छापखानावाल्यांचं. नवरा खिळे जुळवता जुळवता म्हातारा झाला आणि गेला. मागे एकुलती एक लेक. ती काकूंनी समोरच्या भिंतीवरच्या कपाटात दिली, म्हणजे घड्याळवाल्यांकडे. लग्नानंतरच्या पहिल्या बैठकीला त्यांनी लेकीची पुस्तकं पोटाशी धरून खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला नेली. सगळे टाळ्या पिटत होते. घड्याळवाल्यांनी कपाटाचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, "सांभाळून, विहीणबाई. सून आपल्या पायाने आली, पण हिची पुस्तकं भारी मिजासखोर दिसतात." लेक हसून हसून बेजार झाली होती.

तो संसार फार टिकला नाही. साधा वाटला म्हणून लेकीचा ताप अंगावर काढला, तो डोक्यात गेला. हॉस्पिटलच्या बोळात, डॉक्टर सांगून निघून गेल्यावर, काकू घड्याळवाल्यांना म्हणाल्या, "तुमची स्वतःची मुलगी असती ना, तर आदल्याच दिवशी आणली असती."

त्या दिवसापासून दोघांत शब्द नाही. जावयाने पुढे दुसरं लग्न केलं आणि तो परगावी गेला.

पुस्तकं मात्र घड्याळवाल्यांच्या कपाटात राहिली, खालून दुसऱ्या कप्प्यात. रोज सकाळी काकू सगळ्या काचा पुसायच्या आणि ते कपाट शेवटी ठेवायच्या. तिथे फडकं जरा रेंगाळायचं. मागायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. रोज दिसतायत ना, एवढ्यावर दिवस ढकलले.

मग एक दिवस इमारतीच्या मालकाने खोली परत मागितली. मंडळात जे काही सभासद उरले होते त्यांना जिना चढवत नव्हता. ठरलं, की पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या हवाली करायची. बघायला तिथल्या ग्रंथपाल मॅडम आल्या. तरुण, बोलायला मऊ, पायातल्या चपला दारात काढून आत आलेल्या. काकूंना ती तेवढ्यावरूनच आवडली.

"कशी लावलीत ही, काकू?"

"घरवार."

"म्हणजे?"

"माणसं राहतात तशी."

मॅडम हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "आमच्याकडे विषयवार लागतील. इतिहास, बागकाम वरच्या मजल्यावर, कथा-कादंबऱ्या तळाला."

"म्हणजे बेकरीवाल्यांचे आजोबा वर आणि आजी खाली."

"तसंच. आणि जी आमच्याकडे आधीपासून आहेत त्यांचं नंतर बघावं लागेल. जागेची आमच्याकडेही बोंब आहे." मॅडम थांबल्या. "पण एक करू शकते. प्रत्येक पुस्तकाच्या आत चिठ्ठी चिकटवू. अमुक घराकडून भेट. ती कोणी काढणार नाही, कधीच नाही. चिठ्ठ्या तुम्हीच लिहाल का? तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?"

काकूंनी मान हलवली, आणि त्यांची नजर समोरच्या कपाटात दुसऱ्या कप्प्यावर गेली. कधीच नाही, असं म्हणाली होती पोरगी. म्हणजे आज पुस्तक ज्या घरात आहे त्याच घराचं नाव त्याच्या कपाळी कायमचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू घड्याळवाल्यांच्या दुकानाची पायरी चढल्या. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची आपली वेगळी वेळ. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून वाकले होते.

"सेल बदलायचाय का?"

"मी आहे."

चिमटा हवेत थांबला. "बसा, विहीणबाई."

त्या बसल्या नाहीत. "पुस्तकं विद्यापीठात चाललीत."

"ऐकलं."

"त्यात घराच्या नावाची चिठ्ठी लागणार आहे. तिच्या पुस्तकांवर माझ्या घराचं नाव लागावं, बाकी काही नको. तुमचा होकार लागतो."

"आणि माझ्या घराला काय राहील?"

"तुमचं कपाट तर भरलेलं आहे. आजोबांची आहेत, वडिलांची आहेत."

"घड्याळांवरची." त्यांनी भिंग काढून ठेवलं. "त्यांच्याशी काय गप्पा मारणार? ती त्या स्टुलावर बसायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला वाचून दाखवायची. म्हणायची, बाबा, तुमचे डोळे अडकलेत तर कान तरी मोकळे ठेवा. एक समुद्रावरची गोष्ट चालली होती. निळ्या पुठ्ठ्याची. अर्धी राहिली."

काकूंना हे ठाऊक नव्हतं. कुठेतरी खुपलं. "मला कधी वाचून नाही दाखवलं तिने."

"तुम्हाला वाचायला वेळ होता. मलाही होता म्हणा. तिला कळू दिलं नव्हतं."

एरवी हसू आलं असतं, आता आलं नाही कोणालाच.

"मग काय म्हणता?" काकूंनी विचारलं.

"नाही म्हणतो."

"अहो, मी जन्म दिलाय तिला."

"दिलात. आणि मग मला दिलीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हॉस्पिटलात म्हणालात ना, स्वतःची मुलगी असती तर. मला मुलगी नव्हती, विहीणबाई. एकच आली. मुलगा नवा संसार मांडून बसलाय, त्याच्या घरी तिचं नाव काढायची सोय नाही. नावाला म्हणून माझ्या घरात ती आहे ती त्या कपाटात. तेवढी नेऊ नका."

काकू पायरी उतरल्या. खोलीवर आल्या, किल्ली लावली आणि लेकीची पुस्तकं बाहेर काढून मांडीवर घेतली. खोलीत चिटपाखरू नव्हतं. पलीकडच्या कपाटात ठेवली असती तर कोण विचारणार होतं? छापखानावाल्यांच्या कपाटात जागाही तितकीच मोकळी होती, लेक गेल्यापासून तिथे त्यांनी काही भरलंच नव्हतं. पण डोळ्यांसमोर फोटोवाले आले, याच टेबलापाशी हात जोडून उभे राहिलेले. तिकडून होकार आणा, मी कोण हलवणारी.

त्यांनी पेन उघडलं. एकेक पुस्तक घेतलं आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलं, घड्याळवाल्यांच्या घराकडून भेट. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, आणि त्यांना आपल्या हाताचाच राग आला.

टेम्पो आला, खोकी गेली, मागोमाग कपाटंही गेली. भिंतींवर कपाटांमागचे फिकट चौकोन उरले. काकूंनी किल्ल्यांचा जुडगा मालकाच्या हातात दिला, तर तो म्हणाला, "एवढ्या कशाला? मला दाराची एकच पुरे."

पुढे बऱ्याच दिवसांनी मॅडम काकूंच्या घरी आल्या. बरोबर एक खोकं होतं. पाण्याचा पेला त्यांनी हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"काकू, ही आमच्याकडे आधीपासून आहेत. ग्रंथालयाच्या समितीने परत द्यायला सांगितलं."

काकूंनी वरचं पुस्तक उघडलं. आपलंच अक्षर. दुसरं उघडलं. तिसरं उघडायची गरज नव्हती.

"या घराची सगळीच?"

"नाही, घड्याळांवरची ठेवली. ती कुठे मिळत नाहीत. ही मात्र..."

"साधी आहेत."

"आवडती आहेत," मॅडम हळूच म्हणाल्या. "मुलं पार फाडतात वाचून."

"मग राहू द्यायची. फाटल्यावर लागली असती."

"मी म्हटलं होतं तसं." मॅडमची मान खाली गेली. "कोणाची आहेत, काकू?"

"चिठ्ठीवर आहे की लिहिलेलं."

मॅडम गेल्यावर काकू खोकं घेऊन थेट दुकानात गेल्या. काचेच्या काउंटरवर ठेवलं. घड्याळवाल्यांनी आत पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"तुमच्या घरची आहेत," काकू म्हणाल्या. "आणून दिली."

"तुम्ही न्या."

"त्या दिवशी तर सोडत नव्हतात."

"तेव्हा ती तिथे होती. चार लोकांत होती. घरी नेऊन मी एकट्याने काय करू त्यांच्याकडे बघत?"

"माझ्या घरी काय वरात उतरलीये?"

खोकं दोघांच्या मध्ये तसंच राहिलं. ज्याच्यासाठी भांडले, त्याला आता कोणी हात लावत नव्हतं. शेवटी घड्याळवाल्यांनी चाचपडत निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं.

"हेच ते."

"मग वाचून टाका ना पुढचं."

"स्वतःचं स्वतः वाचायचं असतं तर केव्हाच संपलं असतं."

काकू स्टूल ओढून बसल्या, पुस्तक हातात घेतलं. "कुठे थांबली होती?"

"वादळ आलंय. सगळे ओरडतायत सोड म्हणून, आणि तो म्हातारा होडीची दोरी सोडत नाही. तिथे."

काकूंनी पानं उलटली, जागा सापडली. घसा साफ करून वाचायला लागल्या. घड्याळवाल्यांनी सवयीने भिंग डोळ्याला लावलं, मान खाली घातली. हातात घड्याळ नव्हतं. म्हाताऱ्याच्या तळहाताची साल निघाली, पाणी कमरेला आलं, पान उलटलं.

"पुरे, विहीणबाई."

"का? धड नाही वाचत का मी?"

"धडच वाचता." भिंग अजून डोळ्यालाच होतं. "आवाज तोच आहे."

हे काकूंना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं, खोक्यात ठेवलं, आणि उठल्या. घराच्या जिन्यात शेजारणीने हाक मारली, "काय हो काकू, झालं का सगळं मार्गी?" काकूंनी नुसती मान हलवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तोंड उघडलं की आता त्यांना लेकीचा आवाज ऐकू येणार होता.