स्कझी कार्ड आणि हवालदारांचा आवाज

स्क्रीनवरून ओळी सरसर वर गेल्या आणि एका ओळीवर माझी नजर अडकली. ‘स्कझी : झीरो होस्ट्स.’

"काय म्हणतंय?" मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"कार्डच दिसत नाही म्हणतंय, सर."

"अगं, पण समोर तर आहे!"

होतं खरं. दोन स्क्रू पिळून मीच ते बसवलं होतं.

ही नव्वदच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कुठंही पहिल्यांदा गेले की लोक माझ्या मागं बघायचे, इंजिनियर कुठंय म्हणून. मिरजेच्या डॉक्टर उपाध्यांनी तसं कधी केलं नाही. ते घशाचे सर्जन. कॅन्सरमुळं ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागायचं, त्यांचा आवाज ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायचे. नाव, गाव आणि मग पेशंटला वाटेल ते. त्या मशीनमध्ये पस्तीस-चाळीस जणांचे आवाज होते. त्यांतले काही जण आता नव्हते.

मशीन परदेशातल्या एका डॉक्टरमित्रानं भेट दिलेलं होतं. त्यातली डिस्क आपल्याकडच्या नेहमीच्या जातीची नव्हती, स्कझी जातीची होती. अशी डिस्क थेट मशीनला जोडता येत नाही. मध्ये एक कार्ड लागतं, त्याला कंट्रोलर म्हणतात. डिस्क म्हणजे गोदाम धरलं तर कंट्रोलर म्हणजे गोदामाचा कारकून. माल आत कुठं ठेवलाय, बाहेर कसा काढायचा, सगळं तोच बघतो. विजेच्या एका झटक्यात हा कारकून जळाला होता. गोदाम शाबूत होतं.

मी पहिल्यांदा मशीन उघडलं त्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. सातारा तालुक्यातले जाधव हवालदार आणि त्यांच्या पत्नी मालनबाई. हवालदार फौजेत रंगरुटांना, म्हणजे नव्या जवानांना, कवायत शिकवणारे उस्ताद होते. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ऑर्डर पोचायची म्हणे. आता गळ्यावरच्या भोकावर रुमाल बांधलेला आणि मांडीवर पाटी. बोलायचं ते पाटीवर लिहायचे.

"ह्यांनी लिवायचं आन् मी बघत बसायचं," मालनबाई मला म्हणाल्या. "मला कुठं वाचाया येतंय? शेजारचं पोरगं वाचून दावतंय. पर बाई, नवऱ्याचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडानं किती ऐकायचं?"

तीन वर्षं हवालदारांनी स्वतःचा आवाज ऐकायला नकार दिला होता. या खेपेला मात्र पाटीवर लिहून दिलं होतं, ‘हिला द्या’. डॉक्टर कॅसेट करून देणार होते. आणि नेमकं मशीन बंद पडलेलं.

"पुढच्या गुरुवारी तपासणीला येताय ना, तेव्हा देतो," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नंतर बराच वेळ वाटत राहिलं, कशाला हलवली.

जळालेलं कार्ड बाजारात मिळेना. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर दुरुस्तीला जायची. तिथल्या स्टोअरमध्ये मोडीत काढलेल्या मशीनांचा ढीग होता. त्यात एक स्कझी कार्ड सापडलं. दुसऱ्या कंपनीचं, पण धड.

"न्या की," स्टोअरकीपर म्हणाला. "पर कशाला पायजे सांगा, गेटपासवर लिवावं लागतंय."

मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "आमच्या वडलांचा आवाज आसा कुणी ठेवला आसता तर..." एवढंच म्हणाला आणि गेटपासवर लिहिलं, ‘हॉस्पिटल कामासाठी’.

कार्ड बसवून फ्लॉपीवरून डॉस, म्हणजे तेव्हाची नेहमीची सिस्टिम, चालू केली. डिस्क दिसली, पण आत सगळा कचरा. फायलींची नावं म्हणजे नुसती चिन्हं. कारण असं की प्रत्येक कंपनीचा कारकून गोदामातले खण आपापल्या पद्धतीनं मोजतो. जुना ज्याला पाचवा खण म्हणायचा, त्याला नवा भलतंच काहीतरी म्हणत होता. डॉसनं तर डिस्क फॉरमॅट करू का, असंही विचारलं. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरं करणं. मी सरळ पॉवर बंद केली.

मग लिनक्सची आठवण झाली. एका मासिकाबरोबर त्याची सीडी फुकट आली होती. ही ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कचे खण सरळ पहिल्यापासून ओळीनं मोजते. कार्डाची मोजणी काहीही असो, तिला फरक पडत नाही. शिवाय ती कशी लिहिलीय ते कुणालाही उघडून वाचता येतं, बदलताही येतं. म्हणून दुकानातली एक साधी डिस्क मशीनला जोडली आणि मोठ्या आशेनं सीडी लावली, तर ते ‘झीरो होस्ट्स’.

दोन दिवस मी तो प्रोग्रॅम वाचत होते. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या कार्डावरची चिप चालवणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये होता. पण तो कार्ड ओळखायचा ते कार्डाच्या आत कोरलेल्या नावावरून, आणि आमच्या कार्डाच्या कंपनीनं चिप दुसऱ्याची घेऊन वर आपलं नाव घातलं होतं. ड्रायव्हरच्या यादीत ते नाव नव्हतं. दारावर पाहुणा उभा, पण यादीत नाव नाही म्हणून आत प्रवेश नाही!

यादीत एक ओळ वाढवायची, बस. पण चुकीची ओळ घातली आणि डिस्कवर भलतंच काही लिहिलं गेलं तर? चाळीस माणसांचे आवाज. मला धीर होईना.

ड्रायव्हरच्या फाइलीत सुरुवातीलाच लिहिणाऱ्याचा ई-मेल पत्ता होता. माझी मैत्रीण इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायची, तिच्याकडं ई-मेल होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं. डिस्कवर काय आहे तेही. उत्तराची आशा नव्हती. कोण कुठला माणूस, फुकट काम करणारा.

मंगळवारी मैत्रीण स्कूटरवरून प्रिंटआउट घेऊन आली. त्या माणसानं नेमकी ओळ लिहून दिली होती. कुठं घालायची तेही. आणि खाली लिहिलं होतं, डिस्क फक्त वाचण्यापुरती उघड, म्हणजे काही चुकलं तरी आवाजांना धक्का लागणार नाही. शेवटी एक वाक्य होतं, माझ्या आजोबांचंही हेच ऑपरेशन झालं होतं.

तो कागद मी मैत्रिणीला परत दिला नाही.

बुधवारी सकाळी हॉस्पिटलात बसले. ओळ घातली. आता लिनक्सचा सगळा गाभा नव्यानं तयार करायचा, त्याला कंपाइल करणं म्हणतात. त्या मशीनवर दोन-तीन तासांचं काम. पाऊण तास झाला आणि लाइट गेली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा डॉक्टर आत आले.

"सिस्टर, दुपारी ऑपरेशन आहे का?"

"नाही सर."

"मग ऑपरेशन थिएटरमधून एक वायर ओढा इकडं. जनरेटर लावा."

सिस्टरनं कपाळाला आठ्या घातल्या, पण वायर स्वतः आणून दिली.

चारच्या सुमाराला मशीन पुन्हा सुरू केलं. ओळी वर गेल्या. ‘स्कझी : वन होस्ट.’ डिस्क उघडली. एकाखाली एक नावं आली. जाधव. मुल्ला. चौगुले. पाटील, पाटील, पाटील. डॉक्टर एकेक नाव मोठ्यानं वाचत होते. चौगुले वाचल्यावर चष्मा काढला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवत राहिले.

गुरुवारी हवालदार आणि मालनबाई आले. डॉक्टरांनी स्पीकर टेबलावर ठेवला. मी फाइल लावली.

खरखर झाली आणि खोली भरून आवाज आला. नाव. गाव. पलटण. सगळं सावधानमध्ये उभं राहून सांगितल्यासारखं. मग रेकॉर्डिंगमध्ये डॉक्टर विचारतात, आणखी काही बोलायचंय का?

मग तोच आवाज, पण खाली आलेला.

"काय बोलू, साहेब? मंडळी भायेर बसल्याती. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई तिनं. तिला च्या घे म्हणावं कुणीतरी. माझं ऐकत न्हाई ती."

संपलं. मालनबाईंनी पदर तोंडावर धरला होता. हवालदार छताकडं बघत होते. गळ्यातल्या नळीतून त्यांचा श्वास जोरजोरात ऐकू येत होता.

"आवं," त्या नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "त्या दिशी कुणी सांगितलंच न्हाई मला!"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "चूक माझी. मशीन बंद केलं आणि विसरलो मी."

हवालदारांनी पाटी घेतली, खडूनं काहीतरी लिहायला लागले. मग थांबले, पाटी बाजूला ठेवली आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवला. वाचून दाखवायची गरज पडली नाही.

"अजून एकदा लावता का, बाई?" मालनबाई म्हणाल्या. मी चार वेळा लावलं.

त्या आठवड्यात सगळ्या आवाजांच्या दोन-दोन कॅसेट केल्या. एक हॉस्पिटलात, एक पेशंटच्या घरी. आमची ओळ त्या परदेशी माणसानं ड्रायव्हरच्या पुढच्या आवृत्तीत घातली. साताऱ्याच्या मोडीतल्या त्या कार्डासारखं कुठलंही कार्ड तेव्हापासून लिनक्सला जगात कुठंही ओळखता येतं. डॉक्टरांनीही आपल्या पद्धतीत एक बदल केला. रेकॉर्डिंगच्या वेळी घरच्यांना बाहेर न ठेवता शेजारी बसवायला लागले.

बॅकअप घ्या, म्हणजे प्रत दुसरीकडं ठेवा, असं मी गिऱ्हाइकांना आधीही सांगायची, नंतरही सांगत राहिले. डॉक्टर दर शनिवारी न चुकता घ्यायचे. बाकीचे सगळे म्हणायचे, "उद्या घेऊ की, काय घाई आहे?"