पासपोर्टातलं नवऱ्याचं नाव

माझा नातू बहरीनमध्ये जन्मला. सुनेचं बाळंतपण करायला मुलानं मला गावाहून बोलावून घेतलं होतं. कुवेतची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. नईम नावाच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मुलगा एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायचा. त्याचा वरचा साहेब इंग्रज.

सून दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी मी मुलाचा शर्ट धुवायला घेतला आणि खिशात एक कागद सापडला. इंग्रजीत बारा-पंधरा शब्द, एकाखाली एक, आणि काहींसमोर लाल पेन्सिलीची खूण. मला इंग्रजी येत नाही. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, पुढे कुणी पाठवलं नाही. पण चार घड्या घालून खिशाच्या तळाशी ठेवलेला कागद मला साधा वाटला नाही. मी तो सुनेपुढे धरला.

"हे काय?"

"नावं आहेत, आई. बाळासाठी."

"आणि या खुणा?"

"साहेबाला जी नीट म्हणता आली, त्यांच्यावर."

मला आधी वाटलं, ही थट्टा करते. मग तिनं सांगितलं की बाळ व्हायच्या आधीपासून मुलगा चहाच्या सुट्टीत हा कागद साहेबासमोर ठेवतो. साहेब एकेक नाव मोठ्यानं वाचतो आणि जे मोडतं ते बाद. खलील बाद, कारण साहेब कलील म्हणाला. गफूर बाद. मुश्ताकला तो दोनदा अडखळला. आदम, हारून, इलियास पास.

"म्हणजे माझ्या नातवाचं नाव इंग्रज ठेवणार."

"ठेवणार आम्हीच, आई. तो फक्त वाचतो."

मला काही ते पटलं नाही. संध्याकाळी मुलगा आला तसं मी त्याला सरळ विचारलं, "कॅनडाचे कागद भरलेस का?" आमच्या गावात दोन घरांत असंच झालं होतं. आधी नातवंडांची नावं सोपी झाली, मग घराला कुलूप लागलं आणि म्हातारी भावाकडे राहायला गेली.

"कुठला कॅनडा घेऊन बसलीस? इथेच ईसा टाउनच्या शाळेत जाईल, पुढे कुठेतरी नोकरी करेल. त्याला कुणी भलत्याच नावानं हाक मारू नये, एवढंच."

"तुला काय म्हणतात?"

"सॅम."

त्याच्या खऱ्या नावाशी याचा काही संबंध नाही. माझं समाधान झालं नाही. त्या कागदावर एक नाव असायला हवं होतं आणि सून वाचून दाखवत होती तेव्हा ते आलं नव्हतं. माझ्या नवऱ्याचं.

आमच्याकडे पहिल्या नातवाला वारलेल्या आजोबाचं नाव देतात. कुणी कुणाला विचारत नाही, देतात. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. नणंद दर शुक्रवारी गावातल्या फोनच्या दुकानातून फोन करायची. "भाबी, माझ्या भावाचं नाव परत घरात येणार गो." सातव्या दिवशी, शनिवारी, बाळाचं जावळ काढून, बकरा कापून अकीका करायचा आणि नाव सांगायचं, असं ठरलं होतं. तिनं गावात मिठाईसुद्धा सांगून ठेवली होती.

आता खरं लिहिते. मला ते नाव नको होतं. नवरा बोटीवर कामाला होता. दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांत त्याचा कंबरेचा पट्टा खुंटीला टांगलेला असायचा आणि तो खाली यायला फार कारण लागायचं नाही. भात गिजगा झाला, दार उशिरा उघडलं, पुरे. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मीही घेतलं नाही. लोकांना तो मान वाटायचा. मला ती सोय वाटायची. आता नातवाला तेच नाव ठेवलं तर जेवायला ये, दूध पी, चप्पल घाल, असं दिवसभर ते तोंडात घ्यावं लागणार. आणि हे सांगणार कुणाला? मुलगा नऊ वर्षांचा असताना बाप गेला. मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. बाप परदेशातून खेळणी आणायचा, तेवढंच त्याला आठवत असेल असं मी धरून चालले होते.

नाव कागदावर नाही म्हणताच मला सुनेचा संशय आला. ती पुण्याची, कॉलेजात शिकलेली. तिला ते गावंढळ वाटलं असेल. म्हणजे मला हवं तेच ती करत होती, तरी मला तिचा राग आला. गुरुवारी मी मुलाला गाठलं.

"तुझ्या बापाचं नाव कागदावर का नाही?"

"आधीच्या कागदावर होतं. साहेबाला जमलं नाही."

तो बाळाचे लंगोट दोरीवर वाळत घालत होता. पाठ वळवूनच बोलला. मला ते खटकलं. त्या नावात ख नाही, घशातून काढायचं काही नाही. तीन वर्षांचं मूल म्हणेल असं नाव.

शुक्रवारी सकाळी साहेब रिफ्यातल्या आपल्या घरून बाळाला बघायला आला. उंच, लाल मानेचा, हातात बाळाचे कपडे. बूट दाराबाहेर काढले, ते मला आवडलं. मुलगा खाली कोल्ड स्टोअरमध्ये, तिथे वाण्याच्या दुकानाला तसंच म्हणतात, सरबताच्या बाटल्या आणायला गेला. सून आत बाळाला पाजत होती. बाहेरच्या खोलीत मी आणि साहेब. तो माझ्याकडे बघून हसत होता, मी हसले नाही. उठून ट्रंकेतून माझा पासपोर्ट काढला. त्यात नवऱ्याचं नाव कुठे लिहिलंय ते मला मुंबईच्या विमानतळावर कळलं होतं. तिथल्या माणसानं त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं आणि मी नुसती मान हलवली होती. तेच पान उघडून साहेबापुढे धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "रीड."

त्यानं वाचलं. स्वच्छ. आमच्या गावच्या मौलवीनं निकाहात म्हटलं होतं, तसं.

चुकून जमलं असेल म्हणून मी बोट पुन्हा आपटलं. "रीड." परत तसंच. तिसऱ्यांदा त्यानं आपणहून म्हटलं आणि वर म्हणाला, "गुड नेम. व्हेरी गुड." एवढं इंग्रजी मला कळतं.

मान वळवली तर दारात मुलगा उभा. हातात बाटल्या. तो माझ्या पासपोर्टाकडे बघत होता. साहेब त्याला काहीतरी म्हणाला, हा "येस सर" म्हणाला, ग्लास आणायला आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

तेव्हा मला कळलं की नाव सुनेनं काढलं नव्हतं. यानंच काढलं होतं आणि साहेबाचं नुसतं निमित्त केलं होतं. कदाचित सगळा कागदच त्यासाठी केला असेल. पण मग या पोरानं काय काय पाहिलं होतं? मी तर दार लावून घ्यायची. आमच्या दाराला हातभर लांब फट होती, हे मला इतक्या वर्षांनी त्या खोलीत बसून आठवलं.

जुम्म्याची नमाज झाल्यावर नणंदेचा फोन आला. मुलानं उचलला. "हो फुफू, हो फुफू" करत तो माझ्याकडे बघत राहिला. मी रिसीव्हर त्याच्या हातातून घेतला.

"भाबी, उद्या नाव सांगणार ना?"

"सांगणार. दुसरं."

"दुसरं कसलं गो?"

"साहेबाला ते म्हणता येत नाय. मी समोर बसवून तीनदा वाचायला लावलं. जीभ वळत नाय त्याची."

"साहेबाच्या जिभेचं आपल्याला काय? तो पोराचा मामा लागतो?"

"पोराच्या बापाची नोकरी त्याच्या हातात हाय."

ती म्हणाली, "हे तुझ्या सुनेचं काम."

"सुनेला मध्ये ओढू नको. ती बिचारी झोपलीय."

"मग दुसरा मुलगा झाला तर त्याला ठेवा, इंशाल्ला."

"बघू," म्हणून मी फोन ठेवला. मुलगा तिथेच उभा होता. मी खोटं बोलले हे त्यानं ऐकलं होतं, आणि तो खोटं बोलला होता हे मला कळलंय, हेही त्याला माहीत होतं.

शनिवारी अकीका झाला, नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. नातू आता मोठा झालाय, त्याचं त्याच्यापाशी असू दे.

पुढे दोन आठवड्यांनी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मुलगा ताटाकडे बघतच म्हणाला, "साहेब विचारत होता. बापाचं एवढं चांगलं नाव होतं, ते का नाही ठेवलं म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"आईला नको होतं म्हटलं."

माझा हात ताटातच राहिला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याला तर नाहीच. सुनेनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला का नको होतं, आई?"

"तू जेव," मी म्हटलं. "मासा गार होतोय."

मुलगा खाली मान घालून काटे काढत होता. काढलेला साफ तुकडा त्यानं माझ्या ताटात ठेवला आणि मी तो खाल्ला.