एका छापाच्या सहा साड्या

विमलअक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी माकणीला मित्राच्या लग्नात चौदाव्या जिलेबीवर होतो. फोनवर माझी बायको शालन. "अक्का गेल्या हो... शेंगा फोडता फोडता मान टाकली." जिलेबी ताटातच राहिली. माझ्या ताटात जिलेबी उरल्याची दुसरी नोंद कुठंही सापडणार नाही.

कळंबला एका संस्थेच्या घरात सहा बायका राहतात. मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन आलेल्या, पण माहेर-सासर दोन्हीकडची दारं बंद झालेल्या. शालन अन् मी त्यांच्यासोबत राहून घर बघतो. गोळ्या वेळेवर, भाकरी गरम, अंगण लख्ख... अशी देखभाल इंद्राच्या दरबारातही नसेल, असं मी येईल त्याला ऐकवायचो. याच गुर्मीत एका दिवाळीला सहाजणींना एकाच छापाच्या सहा जांभळ्या साड्या आणल्या. रुसवे नकोत, फुगवे नकोत! सगळ्या नेसून ओळीत उभ्या राहिल्या तर वरातीतलं पथकच. बेंजो तेवढा कमी.

त्यांतल्या विमलअक्का म्हणजे भाजीबाजारातली तोफ. त्यांनी भाव विचारला की कोथिंबिरीला घाम फुटायचा. त्या बाईनं दिवाळीनंतर बाजारच सोडला. तीन आठवडे उंबरा ओलांडला नाही. मी घाबरलो. आजार उलटला की पुन्हा दवाखाना, हे ठरलेलं.

"अक्का, डॉक्टरांना विचारून गोळ्या बदलू का?"

"गोळ्या न्हाय भाऊ, साडी बदला." अक्का कडाडल्या. "ही नेसून निघालं की लोक म्हणत्यात, त्या घरातल्या बाया आल्या. दवाखान्यात एकोणीस वर्षं समद्यांना एकच रंग व्हता. मग मी सुटले कवा?"



"तुमाला अन् शालनला एका छापाचं घालून तहसिलीत धाडू का?" असं वर आणखी.

दुसऱ्याच दिवशी अक्कांना घेऊन साड्यांचं दुकान गाठलं. चार तास! दुकानदारानं इतक्या साड्या उलगडल्या की तो स्वतःच त्यांच्याखाली गडप झाला. आतून नुसता आवाज यायचा. शेवटी तिथूनच विचारलं, "मावशी, लेकीचा बस्ता का?"

"न्हाय," अक्का म्हणाल्या. "माझ्या एकटीसाठी."

निवडली ती पोपटी, नारंगी काठाची. येडशीच्या घाटात ट्रकवाले तिच्यापुढं दिवे बारीक करत असणार. पुढच्या बाजाराला अक्का ती नेसून एकट्या गेल्या अन् नाचतच परतल्या. "भाऊ, वांगीवाला म्हणला, मावशी कुठल्या गावच्या? म्या म्हणलं, इथलीच की!" त्यानंतर बाकीच्या पाचजणींचेही चार-चार तास मी दुकानात मोजले... मांडी घालून बसण्यात माझा हात आता कुणी धरणार नाही.

अक्कांची खोली महिनाभर रिकामी होती. गेल्या आठवड्यात तिथं सुलभाताई आल्या, दवाखान्यातल्या करड्या कपड्यांत. तीन दिवस चकार शब्द नाही. चौथ्या दिवशी मी दारात उभा राहून विचारलं, "ताई, साडी घ्यायला जायचंय. कुठला रंग आवडतो तुम्हाला?"

त्यांनी बराच वेळ मला खालून वर न्याहाळलं.

"तुमच्या शर्टासारखा नको," त्या म्हणाल्या.