फुलं कुणाची?

एलुबे फुलं घेऊन रस्त्याने निघाली की आमच्या गल्लीतली माणसं एकच प्रश्न विचारतात, "कुणाची?" म्हणजे कोण गेलं. आमच्या या झोंबा गावात फुलं मेलेल्या माणसाचीच असतात. जिवंत माणसाला आम्ही कोंबडी देतो, साबण देतो, फार प्रेम असेल तर साखरेची पिशवी देतो. फुलं देत नाही.

मी कोपऱ्यावर मंदासी तळते. पिठाचे हे गोड गोळे सकाळी सगळ्यांनाच लागतात, त्यामुळे गल्लीत कोण कुठे चाललंय ते मला बसल्या जागी कळतं. माझी कढई आणि माझी जीभ दोन्ही पहाटेपासून गरम असतात असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे बापडा.

एलुबेचा बाप डोंगराखालच्या एका जुन्या सरकारी बंगल्यात माळी होता. त्याने पोरीला शाळा अर्धीच दिली, पण गुलाबाची छाटणी पूर्ण शिकवली. नवरा गेल्यावर तिने मुलुंगुझीच्या ओढ्याकाठचा उतार खणला, त्यात लिली, शेवंती, गुलाब लावले आणि मयताची फुलचक्रं करायला लागली. दुकानात प्लास्टिकची चक्रं मिळतात, पण ज्यांना आपल्या माणसाची खरी माया असते ते एलुबेकडेच येतात.

आमच्याकडे माती दिल्यावर फुलं वाहायची असतात, आणि तीही आपल्या मनाने नाही. चर्चचे वडीलधारे बांबो काचिंग्वे ढिगाऱ्याशी उभे राहून खणखणीत आवाजात नावं पुकारतात. आईकडून अमुक! मामाकडून तमुक! शेजाऱ्यांकडून ढमुक! ज्याचं नाव आलं त्याने पुढे जाऊन गुडघे टेकायचे आणि फूल ठेवायचं. कुणाचं नाव कुणाच्या आधी आलं यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आणि प्रत्येक मयताला ज्या बाईच्या हातची फुलं, ती रिकामी टोपली घेऊन सगळ्यांच्या मागे उभी. तिचं नाव कधी कुणी पुकारलं नाही. विकणारीचं नाव कोण घेतो?

बरं, नाव घेऊ नका, पण तिला अवदसा तरी समजू नका! समोरची नाफिरी तर एलुबे दिसली की पोरांना आत ओढून दार लावायची. "माई, जरा पलीकडच्या कडेने जा ना," असं आतून म्हणायची, आणि एलुबे खरंच पलीकडच्या कडेने जायची. मला इतका राग यायचा की हातातला झारा फेकून मारावासा वाटायचा.

एकदा माझ्याजवळ बसून एलुबे म्हणाली, "चिकोंदीची आई, मला एकदा, फक्त एकदाच, फुलं घेऊन अशा दारात जायचंय जिथं मला बघून लोक हसतील."

"त्यापेक्षा मंदासी घेऊन जा," मी म्हणाले. "मंदासी बघून सगळे हसतात."

ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की हे तिचं फार दिवसांचं दुखणं आहे.

मग ऑक्टोबरात मातृदिनाची सुट्टी आली. आदल्या दिवशी तिला जोहान्सबर्गहून फोन आला होता. आमच्या मालिता आगोगोचा मुलगा वायसन तिकडे विटा रचायच्या कामाला आहे. आगोगो म्हणजे आजी. मालिता अख्ख्या गल्लीची आजी. वायसन गेला त्याला बरीच वर्षं झाली आणि फोनही क्वचितच करतो. तो एलुबेला म्हणाला, "माई, इथे लोक आईला फुलं देतात. माझ्या आईला तुझी सगळ्यात चांगली फुलं दे. पण आधी कुणाला बोलू नकोस हं, तिला अचानक आनंद व्हायला पाहिजे."

एलुबेने मलासुद्धा सांगितलं नाही! त्यावरून मी अजून तिच्याशी भांडते. सांगितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मग मी आज तुम्हाला सांगितलं काय असतं?

सकाळी ती निघाली तीच नटून. डोक्याला नवं फडकं, हातात लिली आणि गुलाबांचा भारा, वर लाल फीत. मयताचं वाटू नये म्हणून तिने चक्र केलं नव्हतं, पांढरी शेवंतीही मुद्दाम घेतली नव्हती. पण रंग कोण बघतो? एलुबे आणि फुलं, एवढं गल्लीला पुरे.

नाफिरी दारातूनच म्हणाली, "कुणाची?"

"मालिता आगोगोकडे चाललेय."

"अगं बाई! आगोगो गेली?"

"छे, छे! आगोगो बरी आहे."

"मग कोण?"

एलुबेने ओठ घट्ट मिटले. "ते आत्ता सांगता येत नाही," ती म्हणाली आणि फुलांना पुन्हा पाणी दाखवायला ओढ्याकडे वळली.

आता आमच्याकडे मरणाची बातमी अशीच येते. ती रस्त्यात कुणी सांगत नाही. निरोप्या ओठ मिटून घरापर्यंत जातो आणि तिथेच तोंड उघडतो. आगोगो बरी, फुलं आगोगोकडे, आणि सांगता येत नाही. दोन अधिक दोन केले नाफिरीने, आणि छातीवर हात मारून किंचाळली, "वायसन गेला गं!"

मग काय विचारता. मी कढई उतरवली, मयताला जाताना लागतं ते चितेंजेचं फडकं कमरेला गुंडाळलं, डोक्यावर मक्याच्या पिठाची टोपली घेतली आणि रडत निघाले. खरं खरं रडत, बरं का. वायसन लहानपणी माझ्या मंदासी चोरायचा, ते आठवून हुंदकाच आला. पुरुष लाकडं घेऊन आले. तरण्या पोरांनी झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यावर आडव्या टाकल्या, मयताचं घर असल्याची खूण म्हणून. लिलोंग्वेची बस तिथे हळू झाली, आतल्या लोकांनी टोप्या काढल्या.

मालिता आगोगो अंगणात भांडी घासत होती. रडत येणाऱ्या बायका बघून तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. कुणी काही सांगायची वाटच तिने बघितली नाही. "वायसन," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन चटईवर बसली. आम्ही तिच्याभोवती जमिनीवर बसलो. पुरुष बाहेर बाकांवर. बांबो काचिंग्वे काळा कोट घालून हजर.

आणि मग ओढ्याच्या वाटेने एलुबे आली.

तिने काय बघितलं? रस्त्यावर फांद्या, अंगणात लाकडं, काळा कोट, घरातून रडणं. तिला वाटलं, आगोगोच गेली! तिथेच भारा छातीशी धरून तिने हंबरडा फोडला. "आगोगो गं! एक दिवस थांबली असतीस! जिवंतपणी तुझ्या हातात फुलं द्यायला निघाले होते मी!" रडत रडतच ती आत शिरली, आणि समोर चटईवर आगोगो.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"तू जिवंत आहेस?" एलुबे म्हणाली.

"मी आहे गं, माझा पोरगा गेला!"

"कोण म्हणतं?"

"तूच तर फुलं आणलीस!"

"ती त्यानेच पाठवलीत! काल बोललाय तो माझ्याशी!"

सगळ्यांचं रडणं एकदम थांबलं. नाफिरीचा तर आ वासलेलाच राहिला. एलुबेने भारा चटईवर ठेवून फोन लावला आणि आवाज मोठा केला. घंटी वाजत राहिली. आगोगोने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग पलीकडून विटांची खडखड ऐकू आली आणि आवाज आला, "हॅलो, एलुबे माई? आईला फुलं मिळाली का?"

आगोगोने फोन हिसकावला. "गाढवा! जिवंत आहेस?"

"आई? रडतेस कशाला?"

"तुझ्या मयताला आलेत सगळे! जेवलास का?"

अंगणात असा काही हशा झाला! मीच सगळ्यात जास्त हसले आणि सगळ्यात जास्त रडलेही.

पण बांबो काचिंग्वे हसले नाहीत. कोटाचं बटण लावत म्हणाले, "हसण्यासारखं नाहीये हे. जिवंत माणसासाठी रडायला लावलं हिने. हा अपशकुन आहे. ही फुलं ओढ्यात टाका, आणि एलुबे माई, यापुढे फुलं घेऊन या गल्लीतून जायचं नाही."

"बरोबर आहे," नाफिरी म्हणाली. आपणच पहिली किंकाळी फोडली ते सोयीस्कर विसरून!

 एलुबेने मान खाली घातली आणि फुलं उचलायला वाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती फुलं घेऊन एका जिवंत माणसाच्या घरात आली होती, आणि तीच वेळ शेवटची ठरणार होती. माझी जीभ नेमकी तेव्हाच टाळ्याला चिकटली.

बोलली ती आगोगो. "हात लावू नकोस. माझी आहेत ती." गुडघ्यावर हात ठेवून ती उठली. "काचिंग्वे, माझ्या दारात आलेलं पीठ परत जातं का कधी?"

"नाही आगोगो. मयताचं पीठ घरी परत नेत नाहीत."

"मग त्याच पिठाची न्सिमा शिजवा. घेवड्याची आमटी करा. आणि तू फुलांची नावं पुकार."

"अहो, पण कबर कुठाय?"

"कबरीची घाई झालीय का तुला?" आगोगोने अंगणात खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. "मी आहे ना. माझ्या मांडीवर ठेवा. मेल्यावर तुम्ही काय काय बोलता ते मला कुठे ऐकू येणार आहे? आज ऐकते."

बांबो काचिंग्वेंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पण नावं पुकारायची संधी समोर असताना तो माणूस किती वेळ दम धरणार? घसा खाकरला, छाती पुढे काढली. एलुबेने लाल फीत सोडली आणि एकेक फूल वाटलं.

"मुलाकडून! वायसन!" एलुबेने फोन आगोगोच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर गुलाब. फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"शेजाऱ्यांकडून! चिकोंदीची आई!" मी गुडघे टेकले. "आगोगो, बाळंतपणात तू माझ्याजवळ जागलीस. मी कधी बोलले नाही."

"आज बोललीस. ऊठ, गुडघे दुखतील."

"नाफिरी!" नाफिरी फूल घेऊन आली, बसली आणि पुटपुटली, "आगोगो, तुझी चाळणी माझ्याकडे आहे."

"माहीत आहे मला. दोन पावसाळे झाले."

अंगण हसून हसून लोळलं. काचिंग्वे एकेक नाव घेत गेले. अंगणात पेटलेल्या चुलीवर न्सिमा घट्ट होत आली. सगळी नावं संपली. मग त्यांनी मागे, टोपलीजवळ उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं.  आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाले, "जिच्या हातची फुलं, तिच्याकडून! एलुबे!"

एलुबे हललीच नाही. मी ढकललं तेव्हा पुढे गेली आणि आगोगोसमोर गुडघ्यावर बसली. हात रिकामे. सगळी फुलं तिने वाटून टाकली होती.

"माझ्याकडे काही उरलं नाही आगोगो," ती म्हणाली.

"मग तू घे." आगोगोने मांडीवरची निम्मी फुलं उचलून तिच्या ओंजळीत घातली. "सगळ्यांना देतेस. तुला कोण देतं गं?"

एलुबे ओक्साबोक्शी रडली. आम्ही कुणी तिला गप्प केलं नाही. असं रडणं गप्प करायचं नसतं.

जेवणं उरकून आम्ही दोघी उन्हं उतरताना घरी निघालो. एलुबेच्या हातात लिली आणि गुलाब, तोंडावर न्सिमाचं पीठ. पोरं रस्त्यावरच्या फांद्या बाजूला ओढत होती. एलुबे सवयीने पलीकडच्या कडेला वळली. मी तिचा दंड धरून तिला रस्त्याच्या मधोमध आणलं.

नाफिरीचं दार उघडं होतं. ती उंबऱ्यात बसून चाळणी धूत होती. बाजारातून परतणारी एक परकी बाई आम्हाला बघून थबकली, डोक्यावरचं गाठोडं सावरत तिने हळूच विचारलं, "माई, फुलं कुणाची?"

नाफिरीने वर बघितलं. 

एलुबेने भारा छातीशी धरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "माझी!"