बाराव्या खांबाचा भागोजी

गावच्या चावडीला बारा खांब, गावकीत बारा मानकरी. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि मधे किंजळीच्या लाकडाचे जाडजूड खांब, मानकऱ्यागणिक एक. पाठ खांबाला टेकली की मगच तोंड उघडायचं, असा रिवाज. भिंतीला टेकतात ते पाहुणे. भागोजीच्या घराण्याचा बारावा खांब त्याचा बाप जिवंत असतानाच वाळवीनं खाल्ला. उरला बुडाचा दगड. त्या दगडावर बसून भागोजी बावीस वर्षं नुसती मान हलवत होता.

बोलायचं नव्हतं असं नाही. मुख्य मानकरी रावजीनं त्याच्या वाटेवरच दगड रचून गडगा घातला होता. भागोजी भाताचा भारा डोक्यावर घेऊन तो गडगा चढायचा, उतरायचा आणि पलीकडे बसलेल्या रावजीला रामराम करायचा.

घरी त्यानं नवा खांब तासून ठेवला होता. पण तो बसवू का, हे विचारायचं सभेत. आणि सभेत बोलायचं तर खांब हवा. तोवर त्याची बायको गोदा त्यावर गोधड्या वाळत घालायची.

चौऱ्याऐंशी साली मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळानं चावडीची कौलं उतरवून स्लॅब घातला. पंगतीला अडचण नको म्हणून मधे एकही खांब ठेवला नाही. जुने अकरा खांब वास्तुशांतीच्या चुलीत गेले. भात मात्र मोकळा शिजला होता.

पहिली सभा भरली. चकचकीत लादीवर अकरा मानकरी ताठ बसले. रावजीनं घसा खाकरला आणि शब्द गिळले. अर्धा तास फक्त पंखा बोलत होता.

तेवढ्यात भागोजी आला. खांबाचं एक टोक त्याच्या खांद्यावर, दुसरं गोदाच्या. लादीत भोक नव्हतं, म्हणून गोदानं मागून खांब उभा धरला. भागोजी पुढून टेकला.

"बोला की आता!" गोदा मागून फिसकारली.

बावीस वर्षांचं साचलेलं सगळं बोलायला भागोजीनं तोंड उघडलं. "गाववाल्यांनू..." तो म्हणाला. "चाय झाली काय सगळ्यांची?"

गोदाला कपाळावर हात मारायचा होता, पण खांब सुटला असता. ती गर्रकन वळली, तिनं आपलीच पाठ खांबाला लावली आणि म्हणाली, "रावजी भावजी, तो गडगा काढा. ह्यांचे गुडघे गेले चढून चढून. कुणाची हरकत हाय?"

हरकत पुष्कळांची होती. खांब एकाचाही नव्हता.

मंगळवारी गडगा निघाला. भागोजी भारा घेऊन आला, नसलेल्या गडग्याशी थांबला, सवयीनं पाय उंच उचलला आणि पलीकडे जाऊन त्यानं रावजीला रामराम केला.