डाव्या हाताचा पहारा

आमच्या देवळातल्या सप्ताहात वाडीवाडीला भजनाचा पहारा नेमून दिलेला असतो. आमच्या वाडीचा दुपारचा. जेवून सगळ्यांचे डोळे जड झालेले, अशा वेळी भजन उचलून धरायला पखवाजावर हात बसलेला माणूस लागतो. तो माणूस मी. म्हणजे होतो. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला.

सप्ताहात ताल थांबलेला चालत नाही. पुढचा वाजवणारा शेजारी येऊन बसतो, चालत्या भजनात थाप मिसळतो आणि मगच आधीचा हात उचलतो. मध्ये पखवाज गप्प झाला तर खंड पडला म्हणतात. मग वर्षभर गावात कुणाची म्हैस आटली तरी बोट आमच्या वाडीकडे.

झटक्यानंतर माझा देवावर भयंकर राग होता. उभा जन्म त्याच्यापुढे वाजवण्यात घातला आणि त्याने नेमका हातच नेला. पाय न्यायचा होता, मी चकार शब्द काढला नसता. देवळाची वाट सोडली. घरात भात कच्चा, चहा गोड, सगळा राग बायकोच्या माथी. ती ऐकून घ्यायची आणि माझ्या हाताला तेल चोळत बसायची.

एकदा तिनेच माळ्यावरून पखवाज उतरवला, आवाज घुमावा म्हणून डाव्या बाजूला कणीक थापली आणि समोर बसली.

"तुमी उजवो हात चलवा. डाव्याचा मी बघतंय."

"तुका खंय येता गो?"

"इतकी वर्सा आयकतंय. माका काय कान नाय?"

तिची थाप मऊ पडायची, पण जागेवर पडायची. रोज असं चाललं. हळूहळू माझी बोटं हलू लागली, तसा ती आपला हात मागे घेत गेली. सप्ताहापर्यंत साधा ठेका जमू लागला, पण थोडाच वेळ. मग बोटं आवळून यायची. वाडीतला दुसरा वाजवणारा गोव्यात नोकरीला, त्याला सुटी मिळाली नाही. वाडीने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही.

पहाऱ्याच्या दिवशी सुरुवात बरी झाली. पण भजन रंगलं, झांजवाल्यांना चेव आला, लय चढली. पुढच्या वाडीचा पखवाजवाला अजून दारात दिसत नव्हता. बोटं आखडू लागली. उजव्या हाताने जमेल तेवढं झाकत होतो, पण बुवांनी गाता गाता वळून पाहिलंच. हे आता माझ्याच हातून मोडणार, अशी खात्री झाली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने ती उठून आली. आमच्या देवळात बाईने पखवाजाला हात लावल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"वायच सरका," म्हणाली आणि बसली.

डावी थाप पडली. पुन्हा पडली. मी मान वर केली नाही. गाव काय म्हणेल ही भीती होतीच, पण उजवा हात तेवढा चालू ठेवला. पुढच्या वाडीचा वाजवणारा आला तेव्हा कुणाच्या हाताची जागा घ्यायची तेच त्याला कळेना. शेवटी त्याने आपला पखवाज मध्ये ओढला, थाप मिसळली आणि आम्ही दोघांनी हात उचलले.

पहारा संपला की गावचा मानकरी देवाला गाऱ्हाणं घालतो. तो पुढे झाला.

"बा देवा म्हाराजा, ह्या वाडयेची सेवा तुझ्या पायाशी आसा. तेच्यात काय चुकला माकला आसात..."

इथे तो थांबला. आमच्याकडे पाहिलं. तिने कणकेचा हात पदरात लपवला.

"...पण पखवाज काय गप रवलो नाय, म्हाराजा. सेवा मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी एका आवाजात साथ दिली, मीही.

वर्षभर मी देवाशी बोललो नव्हतो. त्या दिवशी इतक्या जोरात ओरडलो की बायको डोळे पुसत म्हणाली, "हळू. देव घाबरतलो."